नव्या महापौरांचे निवेदन करदात्यांनी कसे वाचावे

जानेवारी २०२६ मध्ये ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि दोन्ही शहरांना बऱ्याच काळानंतर पुन्हा महापौर मिळाले. नवी मुंबईच्या सभागृहाची मुदत मे २०२० मध्ये संपली होती, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये; त्यानंतरचा सगळा काळ प्रशासकांचा होता. एवढ्या खंडानंतर पदावर आलेली व्यक्ती नागरिकांना उद्देशून कामांचा आढावा आणि पुढील आराखडा मांडते, तेव्हा त्या मजकुराकडे कोणी कौतुकाने पाहतो, तर कोणी ‘हे नेहमीचेच’ म्हणून बाजूला ठेवतो. मालमत्ता कर भरणाऱ्याला यांपैकी काहीच उपयोगाचे नाही. त्याने निवेदनातील प्रत्येक दाव्यामागे कोणता कागद असायला हवा, तो कोणाकडे असतो आणि तो कसा मागायचा, एवढे पाहावे. त्यासाठी लेखापाल किंवा वकील असण्याची गरज नाही. एक पेन्सिल, आपले मालमत्ता कराचे देयक आणि अर्थसंकल्पाची प्रत पुरते.

वाचनाला बसण्यापूर्वी महापौरांच्या हातात काय आहे हे लक्षात घ्यावे. दोन्ही शहरांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा. या अधिनियमात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत. निविदा काढणे, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) देणे, देयक अदा करणे, कर्मचाऱ्यांना कामाला लावणे ही कामे आयुक्त आणि त्यांचे अधिकारी करतात. महापौर अडीच वर्षांसाठी निवडले जातात आणि सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात. मोठ्या रकमेच्या कंत्राटांना मंजुरी देण्याचे काम सोळा सदस्यांच्या स्थायी समितीकडे असते, तिचे सभापती निराळे. त्यामुळे ‘मी अमुक रस्ता मंजूर केला’ हे वाक्य कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ नेहमीच चुकीचे असते. रस्ता सभागृह किंवा समिती मंजूर करते आणि आयुक्त तो करून घेतात. याचा अर्थ महापौरपद शोभेचे आहे असा नाही. सभेपुढे कोणता विषय कधी यावा, त्यावर चर्चेला किती वेळ मिळावा, लक्षवेधी सूचनेला उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचे की नाही, ‘ऐनवेळचे विषय’ (विषयपत्रिकेत नसलेले, आयत्या वेळी आणलेले) किती येऊ द्यायचे, हे पीठासनावरूनच ठरते, आणि माझ्या मते महापौरांचे मोजमाप प्रथम येथेच व्हावे. निवेदनात सभागृहाच्या कामकाजाबद्दल एकही ओळ नसेल, तर ती उणीव पेन्सिलीने समासात नोंदवून ठेवावी.

झालेली कामे कोणाची, हे आधी ठरवावे

निवेदनाचा पहिला भाग बहुधा ‘साध्य’ सांगतो. पदभार घेऊन काही महिने झालेले असताना लोकार्पण झालेला पूल, रुग्णालयाचा कक्ष किंवा मलनि:सारण केंद्र हे साहजिकच आधीच्या काळात मंजूर झालेले असणार. प्रशासकीय राजवटीत सर्वसाधारण सभा आणि स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार प्रशासकांकडे होते, म्हणून त्या वर्षांतील मंजुऱ्या प्रशासकीय ठरावांच्या रूपात नोंदलेल्या आहेत. प्रत्येक साध्यापुढे दोन तारखा लिहिण्याची सवय लावून घ्यावी: कामाच्या ठरावाची आणि कार्यादेशाची. त्या निवेदनात क्वचितच असतात, परंतु बांधकाम ठिकाणी लावलेल्या माहितीफलकावर कामाचे नाव, ठेकेदार, रक्कम, कार्यादेशाचा दिनांक आणि मुदत असणे अपेक्षित असते. फलक नसेल किंवा त्यावरील मुदतीचा रकाना कोरा असेल, तर तोच पहिला प्रश्न होतो. नव्या महापौरांनी आधीच्या काळातील कामाचा उल्लेख तसा सांगून केला असेल, तर मला ते निवेदन अधिक विश्वासार्ह वाटते.

दुसरा भाग चालू कामांचा असतो, आणि त्यात सर्वाधिक वापरला जाणारा शब्द ‘प्रगतीपथावर’ हा आहे. येथे जरा थांबून वाचावे. समजा, घोडबंदर रस्त्यालगतच्या वसाहतींसाठी जलकुंभाचे काम प्रगतीपथावर असल्याचे लिहिले आहे. त्या एका शब्दात किमान पाच-सहा वेगवेगळ्या अवस्था दडू शकतात. अभियंत्यांनी अंदाजपत्रक तयार केले असेल, पण त्याला तांत्रिक मान्यता नसेल. प्रशासकीय मान्यता मिळाली असेल, पण अर्थसंकल्पात तरतूद केवळ नाममात्र असेल. एखाद्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातील खर्चाच्या नोंदीखाली) कोट्यवधींच्या कामासाठी लाख-दोन लाख रुपये दाखवून ते शीर्ष जिवंत ठेवण्याची पद्धत सर्वच महापालिकांत आहे. निविदा निघाली असेल, पण प्रतिसाद न मिळाल्याने तिला मुदतवाढ दिली जात असेल. कार्यादेश निघाला असेल, पण जागा ताब्यात नसेल. जलकुंभ उभा राहिला असेल आणि त्याला पाणी पोहोचवणारी मुख्य वाहिनी अजून टाकली गेली नसेल. नव्याकोऱ्या टाकीखालून टँकर जाताना पाहणाऱ्या रहिवाशांना ही शेवटची अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून ‘प्रगतीपथावर’ या शब्दाला अधोरेखित करून त्यापुढे ‘कोणती पायरी?’ असे लिहावे आणि उत्तर एका विशिष्ट कागदाच्या नावाने मागावे: प्रशासकीय मान्यतेचा ठराव क्रमांक, निविदा सूचना, कार्यादेश, आणि आजपर्यंत अदा झालेल्या देयकांची रक्कम. यांतील शेवटचा आकडा सर्वांत बोलका असतो. कामाची ‘भौतिक प्रगती साठ टक्के’ आणि अदा रक्कम दहा टक्के असेल, तर ठेकेदाराची देयके थकली आहेत किंवा साठ हा आकडा अंदाजाने लिहिला आहे. दोन्ही बाबी करदात्याला ठाऊक असायला हव्यात.

निविदेविना दिलेली कामेही याच भागात शोधावीत. तातडीच्या प्रसंगी आयुक्तांना कलम ६७(३)(क) खाली स्वतःहून खर्च करता येतो, आणि काही कामे अधिनियमाच्या अनुसूचीतील प्रकरण ५, नियम २(२) चा आधार घेऊन निविदा न मागवता दिली जातात. पालिकेच्या आवारात या नियमाचे बोलीतले नाव ‘पाच दोन दोन’ असे आहे. पूर आला, वाहिनी फुटली, साथ पसरली, तेव्हा ही तरतूद असायलाच हवी. परंतु नालेसफाई किंवा खड्डे बुजवणे यांसारखी कामे दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येतात, आणि ती तातडीची म्हणून दाखवली जात असतील तर निवेदनातील ‘युद्धपातळीवर’ या शब्दाचा खरा अर्थ नियोजन झाले नव्हते एवढाच निघतो.

कोणाचा रस्ता, कोणाचे पाणी

या दोन शहरांत राहणाऱ्यांनी हा भाग विशेष बारकाईने वाचावा, कारण येथे महापालिकेखेरीज अनेक यंत्रणा काम करतात आणि निवेदनात त्यांची कामे बेमालूम मिसळली जातात. वडाळा–कासारवडवली मेट्रो आणि ठाणे–बोरिवली जुळा बोगदा ही कामे एमएमआरडीएची (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) आहेत. ठाण्याची वर्तुळाकार मेट्रो, जिला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली, ती महामेट्रो या केंद्र व राज्याच्या संयुक्त कंपनीकडे आहे. बेलापूर–पेंधर ही नवी मुंबईची पहिली मेट्रो मार्गिका सिडको या राज्याच्या नगरविकास महामंडळाची. तिचा बहुतांश भाग तर पनवेल महापालिकेच्या हद्दीत येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळही महापालिकेचे काम नाही. महापौरांच्या निवेदनात ही नावे येणे गैर नाही, शहराच्या भवितव्याशी त्यांचा संबंध आहेच. पण त्या परिच्छेदांसमोर ‘पालिकेचा पैसा नाही’ असे लिहून ते बाजूला काढावेत आणि मग उरलेले निवेदन किती पानांचे राहते ते पाहावे. त्या प्रकल्पांबाबत महापौरांना विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे: मेट्रोच्या कामासाठी खोदलेला रस्ता पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणाची, त्यासाठी किती रक्कम भरून घेतली आणि पावसाळ्यात तो सांभाळायचा कोणी? हा प्रश्न पालिकेच्या कक्षेतला आहे आणि घोडबंदर मार्गावर रोज अडकणाऱ्याच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे.

नवी मुंबईत आणखी एक गाठ आहे. शहर सिडकोने वसवले, महापालिका १ जानेवारी १९९२ पासून अस्तित्वात आली, आणि उद्याने, मैदाने, समाजमंदिरे, बाजार यांसाठीचे भूखंड सिडकोकडून हस्तांतरित होत आले. निवेदनात एखाद्या नोडमध्ये (सिडकोने वसवलेल्या उपनगरात) वाचनालय किंवा प्रसूतिगृह उभारण्याची घोषणा असेल, तर पहिला प्रश्न खर्चाचा नव्हे, भूखंडाचा विचारावा: तो पालिकेच्या ताब्यात आला आहे का, आणि विकास आराखड्यात त्यावर तेच आरक्षण आहे का? ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात हेच एमआयडीसीच्या (राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाच्या) बाबतीत विचारावे लागते.

पाण्याबाबत दोन्ही शहरांची स्थिती इतकी निराळी आहे की एका शहरातील आश्वासन दुसऱ्याच्या मापाने तोलू नये. नवी मुंबईकडे खालापूर तालुक्यातील मोरबे हे स्वतःच्या मालकीचे धरण आहे. त्याची योजना दररोज ४५० दशलक्ष लिटर पुरवठ्याची आहे. स्वतःचे धरण असणे ही फार थोड्या महापालिकांच्या वाट्याला आलेली गोष्ट आहे. पातळी ८८ मीटरला पोहोचली की धरण भरते आणि पदाधिकारी जलपूजन करतात. तो सोहळा चांगला, पण त्यातून पावसाची माहिती मिळते, पालिकेच्या कामाची नव्हे. तेथे विचारायचे ते वितरणाबद्दल: वाहिन्यांतील गळती किती, दिघा-ऐरोलीकडील ज्या भागांना एमआयडीसीच्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते तेथे मोरब्याचे पाणी केव्हा, आणि प्रक्रिया केलेले सांडपाणी उद्योगांना व उद्यानांना किती दिले जाते. ठाण्याला मात्र रोज मिळणारे सुमारे ५८५ दशलक्ष लिटर पाणी चार ठिकाणांहून येते: पालिकेची स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण (शहाड-टेमघर पाणीपुरवठा यंत्रणा), एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. यात स्वतःच्या योजनेचा वाटा अर्ध्याहून कमी आहे. अशा शहराचे महापौर ‘वाढीव पाणी आणणार’ असे म्हणतात तेव्हा ते कोणाकडून, किती आणि कोणत्या पत्राच्या आधारे, हे तीन तपशील असल्याशिवाय त्या वाक्याला आश्वासन म्हणता येत नाही, इच्छा म्हणता येते. दिव्यात, कळव्यात, मुंब्र्यात किंवा कासारवडवलीपलीकडे राहणाऱ्यांनी आपल्या प्रभाग समितीला मिळणारा वाटा स्वतंत्रपणे मागावा, कारण शहराच्या सरासरीत टंचाई दिसत नाही.

पैशांचा भाग

दोन्ही महापालिकांचे २०२५-२६ चे अर्थसंकल्प साडेपाच हजार कोटी रुपयांच्या वर होते. एवढ्या आकड्याने कोणीही दबून जाते, म्हणून एकूण बेरजेकडे न पाहता अर्थसंकल्पाच्या पानावरील रकान्यांकडे पाहावे. एकाच लेखाशीर्षापुढे साधारणतः मागील वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे आकडे असतात. निवेदनात शेवटचा आकडा येतो. वाचकाने पहिला पाहावा. शाळा दुरुस्तीसाठी ‘भरघोस तरतूद’ असे लिहिले असेल आणि गेल्या वर्षी तेवढ्याच भरघोस तरतुदीपैकी निम्मी रक्कमही खर्च झालेली नसेल, तर अडचण पैशांची नसून काम करून घेण्याची आहे. मूळ आणि सुधारित अंदाजांतील फरक हा तर प्रशासनाने स्वतःच दिलेला कबुलीजबाब असतो. तो वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.

त्यानंतर दायित्व शोधावे. मंजूर होऊन सुरू झालेल्या, पण ज्यांची देयके पुढील वर्षांत द्यायची आहेत अशा कामांची ही रक्कम असते. नवे महापौर नव्या योजना जाहीर करतात तेव्हा जुन्या दायित्वाचा आकडा सोबत देत नाहीत, आणि ते समजण्यासारखे आहे, परंतु त्याविना नव्या योजनेचा अर्थ लागत नाही. जमेच्या बाजूला वस्तू व सेवा करापोटी राज्याकडून येणारे अनुदान पाहावे. जकात गेली, पुढे स्थानिक संस्था कर गेला, आणि जुलै २०१७ पासून त्याची भरपाई राज्य शासनाकडून दरमहा मिळते. शहराचा मोठा खर्च त्यावर चालतो. मालमत्ता कर, विकास शुल्क आणि पाणीपट्टी हे पालिकेचे स्वतःचे उत्पन्न. यांतील विकास शुल्काचे उत्पन्न बांधकाम व्यवसायाच्या तेजी-मंदीबरोबर हलते, हे ठाण्यासारख्या शहरात विसरता कामा नये. परिवहन सेवेचा अर्थसंकल्प स्वतंत्र असतो आणि पालिका तिला अनुदान देते. टीएमटी किंवा एनएमएमटीच्या नव्या बसगाड्यांची घोषणा वाचताना हे अनुदान किती वाढले हेही पाहावे.

‘कोणतीही करवाढ नाही’ हे वाक्य वाचताना आपले देयक समोर ठेवावे. त्यात एकच कर नसतो. सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनि:सारण लाभ कर, मार्ग कर, अग्निशमन कर, वृक्ष कर अशा ओळी असतात, आणि त्यांतील राज्य शिक्षण कराची ओळ पालिकेची नसतेच. ती रक्कम पालिका शासनासाठी गोळा करते, बिगरनिवासी मालमत्तांच्या रोजगार हमी कराप्रमाणेच. हे कर करयोग्य मूल्याच्या टक्केवारीने आकारले जातात, आणि ते मूल्य म्हणजे मालमत्तेच्या अपेक्षित वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून उरणारी रक्कम. दर तेच राहिले आणि करयोग्य मूल्य नव्याने ठरवले गेले, तर दरवाढ न होताही देयक वाढते. नवी मुंबईत लायडार (लेझर किरणांनी मोजमाप घेण्याच्या) तंत्राने झालेल्या मालमत्ता सर्वेक्षणाचा हेतू नोंद नसलेल्या आणि वाढीव बांधकामांना कराच्या कक्षेत आणण्याचा आहे. हे योग्यच आहे, प्रामाणिक करदात्यावरील भार त्यामुळे वाढत नाही. मात्र त्यातून आलेले उत्पन्न ‘विक्रमी वसुली’ म्हणून सांगितले जाते तेव्हा त्यात चालू मागणी किती, थकबाकी किती आणि थकबाकीदारांसाठीच्या अभय योजनेत माफ केलेली शास्ती (दंड) किती, हे वेगवेगळे विचारावे. उशिरा भरणाऱ्यावर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. वेळेवर भरणाऱ्याला पाचशे रुपयांची सवलत आणि वर्षानुवर्षे न भरणाऱ्याला लाखोंची माफी, हा हिशेब सभागृहात कोणी तरी मांडलाच पाहिजे.

करमाफीच्या घोषणेबाबत अधिक सावध राहावे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या सदनिकांना जी माफी मिळाली, तिचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला होता, महापौरांनी नव्हे. सभागृहाने केलेला ठराव राज्य शासन कलम ४५१ खाली निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकते. शिवाय पुढील वर्षाचे करांचे दर सभागृहाने २० फेब्रुवारीपर्यंत निश्चित करावेत असे अधिनियम सांगतो. तेव्हा एप्रिलनंतर आलेल्या निवेदनातील कर सवलतीचे वाक्य हे निदान त्या वर्षापुरते तरी प्रस्तावाच्या स्वरूपाचे आहे, असे धरून चालावे.

प्रश्न कोठे आणि कसे नोंदवावेत

समासातील नोंदी झाल्या की त्यांतून दोन किंवा तीन प्रश्न निवडावेत. वीस प्रश्नांच्या पत्राला कोणीही उत्तर देत नाही. दोन्ही शहरांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, ठाण्यात ३३ प्रभागांतून १३१ आणि नवी मुंबईत २८ प्रभागांतून १११ सदस्य निवडून आले आहेत. म्हणजे एका मतदाराचे बहुधा चार नगरसेवक असतात, आणि ‘ते काम माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे’ हे उत्तर ठरलेले असते. म्हणून चौघांना एकच पत्र, चौघांची नावे वर लिहून द्यावे आणि प्रत्येकाकडून पोच घ्यावी. गृहनिर्माण संस्थेच्या लेटरहेडवर, अध्यक्ष-सचिवांच्या सहीने गेलेले पत्र व्यक्तिगत पत्रापेक्षा लवकर हलते, हा सर्वांचाच अनुभव आहे. पत्रात तक्रार मांडण्याऐवजी ‘हा विषय प्रश्नोत्तराच्या तासात किंवा लक्षवेधी सूचनेद्वारे मांडावा’ अशी नेमकी विनंती असावी. सर्वसाधारण सभा महिन्यातून किमान एकदा व्हावी लागते आणि ती नागरिकांसाठी खुली असते. प्रेक्षक कक्षात जाऊन बसण्यास संकोचू नये. सभा वारंवार तहकूब होत असेल, तर तेही इतिवृत्तात दिसते.

केवळ स्थानिक स्वरूपाचा विषय असेल, पदपथ, दिवाबत्ती, गटाराचे झाकण, तर मुख्यालयात जाऊ नये. ठाण्यात प्रभाग समितीच्या, नवी मुंबईत विभाग कार्यालयाच्या साहाय्यक आयुक्तांकडे जावे.

कागद मागूनही मिळाला नाही, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस, आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा व दीडशे शब्दांच्या आत हवा. ‘काम का रखडले?’ असे कारण विचारल्यास ‘माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ हे उत्तर येते. म्हणून कारणाऐवजी कागदाचे नाव लिहावे. उदाहरणार्थ: ‘अमुक जलकुंभाच्या कामाचा प्रशासकीय मान्यतेचा ठराव, कार्यादेश, मुदतवाढीची पत्रे आणि आजपर्यंत अदा केलेल्या देयकांची यादी यांच्या प्रती मिळाव्यात.’ तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर त्यापुढील तीस दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते. प्रती हाती आल्या की त्यांवरील तारखा निवेदनातील त्याच ओळीसमोर लिहून ठेवाव्यात आणि निवेदन मालमत्ता कराच्या पावतीसोबत त्याच फाइलला लावावे. पुढील अर्थसंकल्पात त्या कामाचा सुधारित अंदाज छापून येईल, तेव्हा ही दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहावीत.